शेजारच्या बोटीला धक्का न लावता नांगर कसा टाकावा

खाडीत जागा भरपूर असते, तरी नवखी माणसं हमखास आधीच उभ्या असलेल्या बोटीच्या शेजारी येऊन नांगर टाकतात. कारण समजण्यासारखं आहे. तिथे दुसरी बोट उभी आहे म्हणजे पाणी पुरेसं असणार, तळ चांगला असणार, असं वाटतं. अनोळखी जागी अंधार पडत असताना कुणाची तरी सोबतही हवीशी वाटते. पण संध्याकाळी दोन बोटींमध्ये दिसणारं तीस-चाळीस मीटरचं अंतर रात्री पाणी फिरल्यावर, म्हणजे भरतीची ओहोटी किंवा ओहोटीची भरती सुरू झाल्यावर, उरेलच असं नाही. मध्यरात्री फायबरवर फायबर घासल्याचा आवाज येतो, दोन्हीकडे विजेऱ्या लागतात आणि झोपेतून उठलेली माणसं एकमेकांवर ओरडू लागतात. हे टाळता येतं, आणि टाळण्याची पहिली जबाबदारी नंतर येणाऱ्याची असते.

मांडव्यापासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे या दिवसांत स्वतःची किंवा भाड्याची छोटी शिडाची बोट, यॉट किंवा मोटरबोट घेऊन फिरणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. आजकाल बरेच जण परदेशी व्हिडिओ पाहून नांगर टाकायला शिकतात. त्यातले बरेचसे भूमध्य समुद्रातले असतात आणि तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. आपल्याकडे ती आहे आणि जोरदार आहे, त्यामुळे नांगराचं गणित आणि शेजारधर्म हे दोन्ही आपल्याला वेगळे शिकावे लागतात.

निघण्याआधी: तिथी आणि नकाशा

ज्या संध्याकाळी मुक्काम करायचा, त्या दिवसाची तिथी बघा. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी आधी येते. नेमक्या वेळा आणि पाण्याची उंची हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं बघा, ती मोबाइलवरच्या अनेक अ‍ॅपपेक्षा भरवशाची आहेत. तरी तिथीचा हिशेब डोक्यात असावाच, कारण खाडीत नेटवर्क गेलं तरी तिथी कुठे जात नाही.

वेळेइतकंच महत्त्व पाणी किती चढणार याला आहे. मुंबईच्या बाजूला उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांतला फरक चार मीटरच्या वर जातो. मालवणकडे तो साधारण दोन मीटरवर येतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, हा फरक बराच कमी असतो आणि पाण्याची ओढही सौम्य असते. पहिल्यांदाच गर्दीच्या खाडीत मुक्काम करणार असाल तर भांगाचे दिवस निवडा.

नकाशा डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा घ्या, छापील किंवा इलेक्ट्रॉनिक. त्यावर तळ चिखलाचा की खडकाचा, पाण्याखालून केबल किंवा पाइपलाइन कुठून जाते आणि नांगर टाकायला मनाई कुठे आहे, हे सगळं दाखवलेलं असतं. मुंबई बंदराच्या हद्दीत तर मोठ्या जहाजांचे मार्ग, नौदलाचं क्षेत्र आणि फेरी बोटींची सततची ये-जा आहे. तिथे मोकळं दिसणारं पाणी तुमच्यासाठी मोकळं असेलच असं नाही, आधी विचारून घ्या.

खाडीत शिरल्यावर: एक सावकाश फेरी

आत आल्याआल्या नांगर टाकू नका. इंजिन मंद ठेवून उभ्या असलेल्या बोटींच्या मागून एक फेरी मारा. पुढून गेलात तर त्यांच्या दोरांवरून जाल. कोकणात हा धोका खरा आहे. लहान होड्यांचे नांगर बहुतेक वेळा निळ्या किंवा हिरव्या प्लॅस्टिकच्या दोरावर असतात आणि हा दोर पाण्यावर तरंगतो. पाणी थांबलेलं असताना तो सैल पडून बोटीच्या पुढे चांगला दहा-पंधरा मीटर पसरलेला असतो आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात अजिबात दिसत नाही. तो पंख्यात गुंडाळला गेला की तुमचं इंजिन बंद आणि त्या माणसाचा नांगर तुटलेला. नायलॉनचा दोर बुडतो, साखळी तर बुडतेच, त्यामुळे त्यांचा त्रास कमी. स्वतःच्या बोटीवर दोर घेताना हे लक्षात असू द्या.

फेरी मारताना प्रत्येक बोटीच्या तीन गोष्टी बघा. ती नांगरावर आहे की कायमच्या बोयाला, म्हणजे तळाशी साखळीने जखडलेल्या तरंगत्या खुणेला, बांधलेली आहे? पुढून साखळी उतरते आहे की दोर? आणि ती वाऱ्याचं ऐकते की पाण्याचं?

बोयाला बांधलेली बोट जागच्या जागी फिरते, तिचं वर्तुळ लहान. नांगरावरच्या बोटीचं वर्तुळ मोठं. म्हणून बोयांच्या गर्दीत नांगर टाकायचाच नाही. तुम्ही फिराल आणि ते फिरणार नाहीत. गेटवे ऑफ इंडियासमोर यॉट क्लबच्या बोटी बोयांवर उभ्या असतात, तिथे तळाशी जड साखळ्या पसरलेल्या असतात आणि तुमचा नांगर त्यांत अडकला तर पाणबुड्याशिवाय निघणार नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक धडका तिथूनच सुरू होतात. खोल कण्याची (तळाखाली उतरणाऱ्या कीलची) शिडाची यॉट पाण्याच्या ओढीप्रमाणे उभी राहते. उंच केबिनची, उथळ तळाची मोटरबोट वाऱ्याप्रमाणे उभी राहते. कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट, तीही हलकी आणि उथळ, तीही वाऱ्याकडे झुकते. आता विजयदुर्गाची खाडी डोळ्यांसमोर आणा. वाघोटनचं पाणी ओहोटीला पश्चिमेकडे समुद्रात निघालं आहे आणि दुपारचा वायव्येचा वारा उलट आत येतो आहे. यॉट ओहोटीकडे तोंड करून, म्हणजे पूर्वेकडे नाक करून उभी राहणार आणि आपल्या नांगराच्या पश्चिमेला जाणार. मोटरबोट वाऱ्याकडे नाक करून आपल्या नांगराच्या पूर्वेला जाणार. यॉटचा नांगर पूर्वेला आणि मोटरबोटीचा पश्चिमेला पडला असेल, तर दोन्ही बोटी एकमेकींच्या दिशेने येतात. दोघांनी नांगर टाकले तेव्हा त्यांच्यात ऐंशी मीटर होते, आता दहा राहिले. कुणाचाच नांगर सरकलेला नसतो, तरी बोटी भिडतात.

म्हणून सोपा नियम: आपल्यासारख्या बोटींच्या शेजारी उभे राहा. यॉट असेल तर यॉटजवळ, मोटरबोट असेल तर मोटरबोटींजवळ. एकाच स्वभावाच्या बोटी एकत्र वळतात आणि मग थोडं कमी अंतरही चालून जातं.

साखळी किती सोडायची, वर्तुळ किती होतं

खुंट्याला दाव्याने बांधलेली गाय जेवढ्या वर्तुळात चरते, तेवढं वर्तुळ तुमच्या बोटीचं. फरक एवढाच की बोटीचं दावं किती लांब हवं हे पाणी ठरवतं.

गणित असं. ओहोटीच्या वेळची खोली, अधिक भरतीला चढणारं पाणी, अधिक पाण्यापासून बोटीच्या पुढच्या टोकाची उंची. या बेरजेच्या पाचपट साखळी. साखळी थोडी आणि बाकी दोर असेल तर सातपट. शांत हवेत थोड्या वेळासाठी साखळीवर चारपट चालते, रात्रीच्या मुक्कामाला चालत नाही.

मांडव्याजवळ उधाणाच्या दिवशी ओहोटीला तीन मीटर पाणी आहे असं धरू. वर चार मीटर चढणार. बोटीचं पुढचं टोक पाण्यापासून एक मीटर वर. बेरीज आठ, पाचपट चाळीस मीटर साखळी. बोट दहा मीटर लांब असेल तर नांगरापासून तुमच्या बोटीचं मागचं टोक पन्नास मीटरवर जाणार, कुठल्याही दिशेला. वर्तुळाचा व्यास शंभर मीटर. मालवणकडे तेवढ्याच पाण्यात भरती दोन मीटरच चढत असल्याने तीस मीटर साखळीत काम भागतं आणि वर्तुळही तेवढंच आखडतं.

नवख्यांचा घोटाळा इथे ठरलेला असतो. संध्याकाळी ओहोटीला पोचतात, खोली दाखवणारं यंत्र तीन मीटर दाखवतं, चार मीटरच्या पाचपट म्हणून वीस मीटर साखळी सोडतात आणि शेजाऱ्यापासून तीसेक मीटरवर निवांत उभे राहतात. मध्यरात्री भरतीला आठाच्या हिशेबात ही साखळी जेमतेम अडीचपट उरते. वारा थोडा उठला की नांगर उपटून येतो आणि बोट शेजाऱ्यावर जाते. उलट प्रकार भरतीला येणाऱ्यांचा: साखळी पुरेशी सोडतात, पण ओहोटीला आपण वर्तुळाच्या कोणत्या टोकाला असू आणि तिथे कण्याखाली पाणी उरेल का, हे बघत नाहीत. पहाटे बोट चिखलात कलंडलेली असते.

हेही तपासा की तुमचं यंत्र खोली पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतं की कण्याच्या खालून. भाड्याच्या बोटीवर हे मालकाला विचारायचं असतं आणि विचारायला लाजायचं नसतं.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या वर्तुळांनी खाडी भरून जाईल. सारख्या स्वभावाच्या बोटी एकत्र फिरतात म्हणून वर्तुळं थोडी एकमेकांत शिरली तरी निभावतं. वेगळ्या स्वभावाच्या बोटी असतील तर मात्र पूर्ण वर्तुळं सुटी ठेवा. तेवढी जागा नसेल तर दुसरीकडे जा. साखळी कमी सोडून जागा करून घेणं हा सगळ्यांत वाईट उपाय आहे, कारण त्याने तुम्ही स्वतःसकट शेजाऱ्यालाही धोक्यात घालता.

आधी आलेल्याचा हक्क

नांगरावरच्या बोटींमध्ये जगभर पाळली जाणारी रीत आहे: जो आधी आला त्याची जागा पक्की, नंतर आलेल्याने त्याच्यापासून लांब राहायचं. मोठी बोट, महाग बोट, क्लबची बोट असा काही मान यात नाही. आधी आलेल्याने दोन नांगर टाकून बोट घट्ट धरली असेल आणि त्यामुळे ती फिरत नसेल, तर तेही तुम्हीच समजून घ्यायचं. आणि तुम्ही आधी आला असाल, तर नव्याला वेळीच सांगणं हे तुमचं काम. तो चुकीच्या जागी नांगर टाकतो आहे हे दिसत असताना गप्प बसायचं आणि रात्री भांडायचं, हे बरोबर नाही.

शंका आली की विचारा. लांबून ओरडू नका, पाण्यावर ओरडणं भांडणासारखंच ऐकू येतं. इंजिन न्यूट्रलमध्ये टाकून, बोलण्याच्या अंतरावर थांबून, आधी नमस्कार करा. यॉटवाल्याला व्हीएचएफ रेडिओवर हाक मारता येईल. मच्छीमार बोटीवर तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या प्रमुखाशी, बोला, खलाशाशी नको, कारण दोर किती सोडलाय आणि बोट कधी निघणार हे तांडेल ठरवतो.

"तांडेलदादा, नमस्कार. आम्ही रात्रभर इथे थांबावं म्हणतोय. तुमचा दोर किती सोडलाय?"

"इस वाव सोडलो हा. आमी फाटफटी जातलव. तुमी जरा तिकडे सरकान ऱ्हवा."

एवढ्या बोलण्यात सगळं आलं. वीस वाव म्हणजे सुमारे छत्तीस मीटर दोर, वर पंधरा मीटरची बोट, म्हणजे पन्नास मीटरचा पल्ला. पहाटे निघणार, म्हणजे त्याची बाहेर पडायची वाट मोकळी ठेवायची. आणि तिकडे सरका म्हणतोय, तर सरकायचं. त्या खाडीचा तळ, वळणं आणि ओढ तो लहानपणापासून ओळखतो. तांडेलाने दाखवलेल्या जागेहून चांगली जागा नकाशावर सापडल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे.

नांगर टाकताना

जागा ठरली की वारा आणि ओढ यांत जी जोरात असेल तिच्याकडे नाक करून या. शेजारच्या बोटी ज्या दिशेला तोंड करून आहेत तीच दिशा. पुढच्या बोटीच्या मागच्या टोकापासून थोडं मागे तुमचा नांगर तळाला लागला पाहिजे आणि तिथून तुम्ही साखळी सोडत मागे सरकायचं. पुष्कळ जण बोट जिथे उभी राहावीशी वाटते तिथेच नांगर टाकतात आणि मग चाळीस मीटर मागे जाऊन दुसऱ्याच्या दारात उभे राहतात.

नांगर फेकू नका, सोडा. तळाला लागला की बोट मागे सरकू लागते तशी साखळी द्या, म्हणजे ती ढिगाने न पडता तळावर लांब पसरते. पूर्ण साखळी गेली की इंजिन हळू मागे लावा, मग थोडं वाढवा. चिखलात नांगर बसायला वेळ लागतो, दोन-तीन मिनिटं शांतपणे द्या. साखळीवर हात ठेवा: गुरगुरल्यासारखी थरथर जाणवली तर नांगर घसरतोय, स्थिर ताण असेल तर बसलाय.

मग किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा. देवळाचा कळस आणि त्यामागचा माड, बुरूज आणि मोबाइलचा टॉवर, काहीही. आडव्या दिशेला अशीच दुसरी जोडी. या रेषा हलल्या नाहीत तर तुम्हीही हलला नाहीत. जीपीएसचा अँकर अलार्म लावायचाच, पण त्यात नांगर पडला त्या जागेची खूण हवी. बोट उभी आहे तिथली खूण केलीत तर पाणी फिरलं की अलार्म विनाकारण वाजत राहतो आणि माणसं वैतागून तो बंद करतात.

या सगळ्या वेळी पुढे उभा असलेला आणि सुकाणूवरचा यांनी हाताच्या खुणा आधी ठरवलेल्या असाव्यात: पुढे, मागे, थांब, झालं. नवरा-बायको, बाप-लेक यांची बोटीवरची निम्मी भांडणं इंजिनाच्या आवाजात न ऐकू आलेल्या शब्दांवरून होतात आणि सगळी खाडी ती ऐकत असते.

पाणी फिरेपर्यंत बोट सोडू नका

नांगर टाकून लगेच होडीने किनाऱ्यावर जेवायला जाणं ही कोकणात सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. पहिल्यांदा पाणी फिरताना बोटीवर कुणीतरी असलंच पाहिजे. भरती-ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारखं वाहत नाही: पहिल्या आणि शेवटच्या तासात अगदी थोडं, मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं. ओढ तेव्हा सर्वांत जोरात असते आणि नांगराची कसोटी तेव्हा लागते. शेजाऱ्याशी असलेल्या अंतराची कसोटी मात्र पाणी थांबतं तेव्हा लागते, कारण त्या अर्ध्या तासात प्रत्येक बोट वेगळीकडे तोंड करून उभी असते.

वाऱ्याचंही वेळापत्रक आहे. हिवाळ्यात दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा सूर्य मावळल्यावर पडतो आणि उत्तररात्री जमिनीवरून मतलई सुरू होतो. म्हणजे एका रात्रीत तुमची बोट तीन-चार वेळा तोंड फिरवणार. झोपण्याआधी प्रत्येक दिशेचा विचार करून ठेवा: इकडे वळलो तर कोण जवळ येतं, तिकडे वळलो तर कोण.

रात्रीचा शेजार

समुद्रावरच्या टक्कर-प्रतिबंधक आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे नांगरावरच्या बोटीने रात्री चारही बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचा असतो आणि दिवसा पुढच्या भागात एक काळा गोळा टांगायचा असतो. पन्नास मीटरपेक्षा लहान बोटीला एक दिवा पुरतो. सात मीटरपेक्षा लहान बोटीला वाहतुकीच्या मार्गात किंवा नांगराच्या जागेत नसेल तर सूट आहे, पण आपल्या खाड्यांत पहाटे अंधारात बोटी निघतात, तेव्हा ही सूट घेऊच नका. डोलकाठीच्या टोकावरचा दिवा लांबच्या जहाजाला छान दिसतो, पण जवळून होडीत बसून येणाऱ्याला तो आकाशातल्या चांदणीत हरवतो. म्हणून माणसाच्या उंचीवर दुसरा एक मंद दिवा ठेवा. प्रखर फ्लडलाइट मात्र नको. खाडीत शिरणाऱ्या तांडेलाच्या डोळ्यांवर तो पडला तर त्याला पुढचं काहीच दिसत नाही.

आवाजाचं थोडक्यात. पाण्यावर आवाज लांब जातो. तुमच्या डेकवरचं गाणं पलीकडच्या बोटीवर शब्दनशब्द ऐकू येतं. जनरेटर रात्री दहाच्या आत बंद करा. डोलकाठीवर दोर आपटत राहण्याचा ठक-ठक आवाज स्वतःला सवयीने ऐकू येत नाही, शेजाऱ्याला रात्रभर झोपू देत नाही. झोपण्याआधी ते दोर डोलकाठीपासून लांब ओढून बांधा. उभ्या बोटींजवळून होडी किंवा जेट-स्की वेगात नेऊ नका, लाटेने शेजाऱ्याच्या चुलीवरची आमटी सांडते आणि कुणी भाजूही शकतं. संडासाची टाकी आणि खरकटं नांगराच्या जागी पाण्यात सोडायचं नाही. ओढीबरोबर ते नेमकं मागच्या बोटीला जाऊन लागतं.

मच्छीमारांच्या पाण्यात

हे वेगळं लिहायला हवं, कारण आपण हौसेला जातो आणि ते पोटासाठी. देवगड, मिरकरवाडा, हर्णै अशा ठिकाणी जेटीकडे जाणारी वाट सतत चालू असते. बर्फ, डिझेल, मासळीचा लिलाव सगळं त्या वाटेवर अवलंबून आहे. तिथे नांगर टाकून वाट अडवलीत तर कुणी रागावलं तर ते बरोबरच आहे.

खाड्यांच्या मुखाशी आणि किनाऱ्याजवळ डोल जाळी खुंटांना बांधून ओढीत पसरलेली असतात. वर दिसतात ते फक्त खुंट किंवा बोयांची रांग, जाळं पाण्याखाली लांबवर. त्यात नांगर टाकला तर जाळं फाटतं, आणि एका जाळ्याची किंमत कुटुंबाला बरीच असते. खुंट दिसला की ओढीच्या दिशेला भरपूर जागा सोडा आणि नीट कळत नसेल तर जवळच्या होडीला विचारा.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ट्रॉलर खाड्यांमध्ये आत येऊन एकाला एक बांधून उभे राहतात. आपल्या बोटींनीही तोवर किनाऱ्यावर चढलेलं बरं. पण हंगामातही बंदर भरलं की ट्रॉलरच्या कडेला बांधायला सांगतात. सांगितलं तर आनंदाने बांधा, नांगरापेक्षा ते कित्येकदा सुरक्षित असतं. फेंडर (दोन बोटींच्या मध्ये टांगायच्या फुगीर गाद्या) पुरेसे लावा, टायर असतील तर त्यांवर जुनं कापड गुंडाळा म्हणजे काळे डाग पडत नाहीत. दोन्ही डोलकाठ्या समोरासमोर येऊ देऊ नका, बोट थोडी पुढे-मागे ठेवा, नाहीतर लाटेत वरचे आडवे दांडे एकमेकांत अडकतात. शेजारच्या बोटीवरून किनाऱ्याला जायचं असेल तर पुढच्या भागातून जा, जिथे लोक जेवतात-झोपतात तिथून नको. चप्पल हातात घ्या. आणि तो पहाटे तीनला निघणार असेल तर तुमचा गडी तीनला दोर सोडायला जागा असला पाहिजे.

दुसरा कुणी फार जवळ आला तर

तुम्ही आधी आहात आणि एखादी बोट येऊन अगदी जवळ नांगर टाकते. आधी तिला साखळी पूर्ण सोडून स्थिर होऊ द्या. कधीकधी ती मागे सरकून बरोबर अंतरावर जाते. मग बोला, आणि आरोपाऐवजी माहिती द्या: "माझी चाळीस मीटर साखळी आहे, नांगर त्या पिवळ्या बोयाच्या दिशेला आहे. पाणी रात्री साडेबाराला फिरेल, तेव्हा मी तुमच्या इथे येईन असं वाटतं." समोरचा समंजस असेल तर लगेच उचलतो. बहुतेक समंजस असतात, त्यांना फक्त तुमची साखळी किती हे ठाऊक नसतं.

न ऐकणाराही भेटतो. तेव्हा बाजूला फेंडर लावा, वेळ लिहून ठेवा, दोन्ही बोटींची जागा दिसेल असा फोटो काढा आणि पाणी फिरण्याच्या वेळेला गजर लावा. वारा वाढणार असेल किंवा तो माणूस बोट सोडून निघून गेला असेल, तर हक्क तुमचा असला तरी तुम्ही हला. अंधार पडायच्या आत हला. रात्री दोन वाजता दोन बोटींच्या मध्ये कुणाचा तरी हात सापडण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. हाताने किंवा पायाने बोट ढकलायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका, पाच-सहा टनांची बोट लाटेवर वर-खाली होताना हाड मोडते.

एखादी बोट नांगर घसरून तुमच्याकडे येताना दिसली तर लगेच पाच छोटे भोंगे द्या. समोरची बोट टक्कर टाळायला पुरेसं काही करते आहे का, याची शंका आहे हे सांगण्याची ती ठरलेली खूण आहे. सोबत व्हीएचएफवर चॅनल १६ वर हाक. इंजिन सुरू करा आणि जागा असेल तर आपली साखळी आणखी सोडा, बऱ्याचदा एवढ्याने ती बोट समोरून निघून जाते. बोटीवर कुणीच नसेल आणि ती वाहत चालली असेल तर तटरक्षक दलाला १५५४ किंवा सागरी पोलिसांना १०९३ वर कळवा. नंतर त्या बोटीचा मालक सापडला की त्याला शांतपणे काय घडलं ते सांगा. झोपलेल्या माणसाचा नांगर घसरणं हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं.

सकाळी नांगर उचलताना

उठल्यावर दिसतं की शेजारी तुमच्या नांगराच्या बरोबर वर उभा आहे. रात्रीत हे सहज होतं आणि यात दोष कुणाचा नसतो. त्याला सांगा, "मला निघायचंय, नांगर तुमच्याखाली आहे." तो इंजिन लावून थोडा बाजूला सरकेल. त्याला घाई नसेल आणि तुम्हालाही नसेल, तर तास-दोन तास पाणी फिरायची वाट बघा, ते काम आपोआप होतं.

नांगर वर येताना दुसऱ्याची साखळी बरोबर आली तर घाबरून ती खाली टाकू नका आणि ओढूही नका, त्याचा नांगर उपटला जाईल. आधी त्याला हाक मारून सांगा. मग एक दोर घ्या, त्याचं एक टोक आपल्या बोटीला बांधा, दुसरं त्याच्या साखळीखालून घालून परत बोटीवर आणून गुंडाळा. साखळीचं वजन त्या दोरावर आलं की तुमचा नांगर थोडा खाली सोडा, तो सुटतो. मग दोराचं दुसरं टोक सोडून द्या, साखळी हळूच तळाला जाईल. सगळं होईपर्यंत त्याची बोट आणि तुमची बोट दोघांच्या इंजिनावर उभ्या असाव्यात, कारण या काही मिनिटांत त्याचा नांगर पक्का नसतो. जाताना त्याला नांगर पुन्हा ताणून बघायला सांगा आणि तो बसला असं त्याने हात वर करून कळवेपर्यंत जवळच थांबा.

खाडीचा काळा चिखल साखळीवरून धुवायला बादली तयार ठेवा. तो डेकवर वाळला तर निघत नाही, आणि वाऱ्यावर उडून शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातो. धुताना वारा कुठून येतोय ते बघा.